दुप्पट हवेचा हिशेब

दीड मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची एक प्लेट. मधोमध चार मोठी गोल भोकं, कडेनं स्टडची (हेड आवळून धरणाऱ्या लांब बोल्टांची) आणि ऑइलची लहान भोकं. घरच्या गॅरेजात हायाबुसा मोटरसायकलला टर्बो बसवून ड्रॅग रेसची, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या छोट्या शर्यतीची, गाडी करायला घेतलेल्या माणसाच्या टेबलावर टर्बोच्या आधी ही प्लेट येऊन पडलेली असते.

1999 साली सुझुकीनं हायाबुसा आणली तेव्हा तिचं इंजिन 1299 सीसीचं होतं. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 81 मिलिमीटर, स्ट्रोक 63 मिलिमीटर आणि कॉम्प्रेशन 11 ला 1. म्हणजे पिस्टन तळाशी असताना जी हवा सिलिंडरमध्ये मावते, ती पिस्टन वर आल्यावर अकराव्या हिश्शाएवढ्या जागेत दाबली जाते. ही प्लेट सिलिंडर ब्लॉकच्या खाली बसवली की ब्लॉक आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, दीड मिलिमीटर वर सरकतात, पिस्टन मात्र पूर्वी यायचा तिथवरच येतो. त्याच्या डोक्यावर उरणारी जागा साडेबत्तीस सीसीवरून चाळीस सीसीवर जाते आणि कॉम्प्रेशन 9 ला 1 च्या आसपास उतरतं. हेड वर गेल्यानं व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमची चेन ओढली जाते आणि व्हॉल्व्हचं टायमिंग थोडं मागे पडतं. म्हणून कॅमच्या स्प्रॉकेटची भोकं लांबट करून ते पुन्हा जुळवून घ्यावं लागतं.

ताकद वाढवायला निघालेला माणूस आधी कॉम्प्रेशन उतरवतो हे ऐकायला उलटं वाटतं. पण कारण साधं आहे: आता हवा सिलिंडरमध्ये शिरण्याआधीच दाबलेली असणार आहे.

इंजिनाची ताकद शेवटी एका फेरीत किती हवा आत जाते यावर ठरते. पेट्रोल हवं तेवढं ओतता येतं, पण एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते आणि ती हवा साधं इंजिन स्वतःच ओढून घेतं, वातावरणाच्या दाबावर जेवढी येईल तेवढीच. पेट्रोलच्या उष्णतेतला साधारण एक तृतीयांश भाग सायलेन्सरमधून बाहेर फेकला जातो. त्या तापलेल्या धुरानं एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्रानं बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलायची, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यानं 1905 साली पेटंट केली. टर्बो तो हाच. त्याचा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो.

होंडानं 1982 साली टर्बो लावलेली सीएक्स 500 बाजारात आणली आणि यामाहा, सुझुकी, कावासाकी यांनीही आपापल्या टर्बो गाड्या काढल्या. काही वर्षांतच त्या सगळ्या बंद पडल्या. तेवढीच ताकद मोठं इंजिन कमी किमतीत आणि कमी कटकटीत देत होतं. टर्बो मोटरसायकल पुढे जिवंत ठेवली ती घरी आणि छोट्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यांनी, आणि त्यांच्या या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे.

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं, कारण दाबलेली हवा तापते. बाहेर 30 अंश असताना टर्बोनं हवेचा दाब दुप्पट केला, तर आदर्श गणितानं ती 96 अंशांवर जायला हवी. टर्बोची कार्यक्षमता 70 टक्के धरली तर ती 125 अंशांपर्यंत तापते. गरम हवा विरळ असते, त्यामुळे दाब दुप्पट होऊनही आत जाणारी हवा दीडपटच भरते. तीच हवा इंटरकूलरमधून, म्हणजे ती गार करणाऱ्या जाळीतून, नेऊन 50 अंशांवर आणली, तर ती 1.88 पट होते. मात्र मोटरसायकलवर इंटरकूलरला जागा नाही आणि रांगेत उभ्या गाडीला वारा नाही. म्हणून काही जण बर्फाच्या पाण्याची टाकी लावतात. धाव सात-आठ सेकंदांची असल्यानं तेवढा बर्फ पुरतो.

विरळ हवेपेक्षाही मोठा धोका नॉकिंगचा. स्पार्क पडल्यावर ज्योत एका बाजूनं पसरत जायला हवी. मिश्रण आधीच फार तापलेलं असेल तर ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. साध्या गाडीत त्याचा टकटक आवाज येतो. टर्बोच्या दाबाखाली तोच प्रकार काही सेकंदांत पिस्टनच्या कडा खातो, रिंगांमधली जागा मोडतो, पिस्टनला भोक पाडतो. ती प्लेट यासाठी.

दुसरा उपाय इंधनाचा. हातावर सॅनिटायझर घेतला की गार वाटतं, कारण अल्कोहोल उडताना तळव्याची उष्णता घेऊन जातं. मिथेनॉलची ही भूक किलोमागे पेट्रोलच्या तिपटीच्या घरात आहे. शिवाय तेवढ्याच हवेला मिथेनॉल दुपटीहून जास्त लागतं. दोन्हींचा गुणाकार केला तर आत येणारी हवा गार करण्याची त्याची क्षमता पेट्रोलच्या जवळजवळ सातपट भरते. आपल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये जे 20 टक्के इथेनॉल असतं, तेही याच कुळातलं. पण दुप्पट इंधन म्हणजे मोठे इंजेक्टर आणि मोठा पंप. आणि मिथेनॉल विषारी आहे, त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. घरी त्याच्याजवळ जाणाऱ्यानं ही गोष्ट कायम डोक्यात ठेवावी.

आता वेल्डिंग. इंजिनापासून टर्बोपर्यंत धूर नेणारा स्टेनलेसचा पाइप, म्हणजे हेडर, टिग वेल्डिंगनं जोडताना बाहेरून आर्गॉनचं आवरण मिळतंच, पण पाइपाच्या आतही आर्गॉन भरावा लागतो. नाही भरला तर जोडाच्या आतल्या अंगाला साखरेच्या खड्यांसारखी काळी खरखरीत खपली धरते. बाहेरून जोड नाण्यांची चळत ठेवल्यासारखा देखणा दिसतो. गाडी तापली, गार झाली, पुन्हा तापली की त्या खपलीचा एखादा कण सुटतो आणि लाख फेऱ्यांनी फिरणाऱ्या पात्यावर जाऊन आदळतो.

तितकंच नजरेआड राहणारं काम ऑइलच्या परतीच्या नळीचं. टर्बोच्या बेअरिंगला इंजिनातून दाबानं ऑइल येतं, पण बाहेर पडतं ते फक्त स्वतःच्या वजनानं. कारमध्ये टर्बो उंचावर बसतो, ऑइल खाली इंजिनाच्या तळाच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, उतरतं. मोटरसायकलवर जागा मिळते ती इंजिनाच्या पुढे, खाली. तिथून ऑइल वर चढणार नाही, म्हणून ते ओढून घेणारा वेगळा पंप लावावा लागतो. तो नीट चालला नाही तर ऑइल टर्बोत साचतं, सीलमधून पाझरतं आणि गाडी निळा धूर सोडू लागते. पुष्कळ जण सील बदलत बसतात आणि दोष असतो परतीच्या नळीत.

हवा जवळजवळ दुप्पट भरली की सिलिंडरमधला जोरही त्याच मानानं चढतो. 81 मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ साडेएकावन्न चौरस सेंटिमीटर. सिलिंडरमध्ये वातावरणाच्या शंभरपट दाब झाला तर एका पिस्टनवर पाच टनांहून जास्त भार येतो, आणि तेवढाच जोर हेडला वर उचलू पाहतो. म्हणून जास्त ताकदीचे स्टड, फोर्ज्ड (दाबून घडवलेले) पिस्टन, जाड कनेक्टिंग रॉड. मूळ क्लचच्या स्प्रिंग एवढा जोर धरत नाहीत. त्यासाठी लॉकअप क्लच लावतात: फेरे वाढले की त्यातली छोटी वजनं बाहेर फेकली जातात आणि प्लेटा आणखी आवळून धरतात.

एवढं करूनही खरा अडथळा वेगळाच आहे. मागचं चाक गाडीला जमिनीच्या पातळीवर पुढे ढकलतं, वजनाचा मध्य मात्र वर असतो. म्हणून पुढचं चाक उचललं जातं. स्वार धरून वजनाचा मध्य 60 सेंटिमीटर उंच आणि मागच्या चाकाच्या 70 सेंटिमीटर पुढे आहे असं समजा. 70 भागिले 60, म्हणजे 1.17. गुरुत्वाकर्षणाच्या 1.17 पटीहून जास्त त्वरण दिलं की गाडी मागे उलटायला लागते. या मर्यादेत पाव मैल, म्हणजे 402 मीटर, काटायला 8.4 सेकंद लागणारच, इंजिन हजार हॉर्सपॉवरचं असलं तरी. आता मागचं चाक धरणारा स्विंगआर्म 30 सेंटिमीटरनं लांबवा आणि पुढची-मागची बाजू खाली घेऊन मध्य 50 सेंटिमीटरवर आणा. 100 भागिले 50, म्हणजे 2. टायरची पकड आणि वाऱ्याचा विरोध बाजूला ठेवला तर आता 6.4 सेकंदांचा दरवाजा उघडतो. ड्रॅगच्या गाड्या लांब आणि बुटक्या का, त्याचं उत्तर या दोन भागाकारांत आहे. नवख्यानं पैसे आधी टर्बोवर घालू नयेत, स्विंगआर्मवर घालावेत, असं माझं ठाम मत आहे.

सुटताना टर्बो आळसावलेला असतो, कारण धूर कमी. म्हणून सुटण्याच्या रेषेवर इलेक्ट्रॉनिक्स इंजिनाचे फेरे एका ठिकाणी रोखून धरतं आणि स्पार्क उशिरा पाडतं. काही मिश्रण हेडरमध्येच जळतं, बंदुकीसारखे आवाज होतात आणि क्लच सोडण्याआधीच टर्बो फिरता होतो. पुढे पहिल्या गिअरला थोडा बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, मग वरच्या गिअरांना चढता. सगळा दाब एकदम दिला तर टायर जागेवरच घसरतो.

अशी गाडी रस्त्यावर चालवायची नसते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असे बदल मान्य करत नाही, आणि तो कायदा नसता तरी मी हेच लिहिलं असतं. आपल्याकडे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन भरते, तिथे वेळ मोजणारी यंत्रणा आणि रुग्णवाहिका असते. फ्लोरिडाच्या बिल वॉर्नरनं जुलै 2011 मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात, लोरिंगच्या जुन्या हवाई तळावर, टर्बो हायाबुसा दीड मैलात ताशी 502 किलोमीटरपर्यंत नेली. दोन वर्षांनी, त्याच धावपट्टीवर, एका मैलात ताशी 300 मैल गाठण्याच्या प्रयत्नात त्याचा मृत्यू झाला.

धाव संपल्यावर जाणता माणूस इंजिन लगेच बंद करतो, गाडी ढकलत आणतो आणि स्पार्क प्लग काढून भिंगाखाली धरतो. पांढऱ्या चिनी मातीवर इंधनाची हलकी छटा दिसली तर ठीक. मिठाच्या कणाहून बारीक, चकाकणारे ठिपके दिसले तर ते ॲल्युमिनियम आहे, पिस्टनमधून सुटलेलं. मग तो बूस्ट उतरवतो, स्पार्कचं टायमिंग दोन अंश मागे घेतो आणि नवे प्लग लावतो.