वाक्प्रचार आणि लाक्षणिक भाषेचं बालशिक्षण (कोकण किनारा)

शब्दाचा सरळ अर्थ सोडून कधीकधी दुसराच अर्थ घ्यायचा असतो, हे पोरांना उमगावं म्हणून घरात, देवळात, शाळेत जे शिकवणं होतं ते. यात वाक्प्रचार, म्हणी, उपमा, कोडी सगळंच येतं. शाळेतला 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न सगळ्यांनी सोडवलेला आहे, त्यावर इथे वेगळं लिहीत नाही.

शास्त्रात याला शब्दशक्ती म्हणतात, अभिधा (शब्दाचा सरळ अर्थ), लक्षणा (सरळ अर्थ जुळत नाही म्हणून त्याला लागून असलेला दुसरा अर्थ), व्यंजना (नुसता सुचवलेला अर्थ). व्यंजनेची मांडणी संस्कृत काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाची (साधारण ९वं शतक), पुढे मम्मटाने (बहुधा ११वं) ती पक्की केली. लक्षणेचं जुनं ठरलेलं उदाहरण म्हणजे 'गङ्गायां घोषः', गंगेवर गवळीवाडा, आता वाहत्या पाण्यावर वाडा कसा असेल, तर काठावर आहे असं समजायचं. हे किनाऱ्यावरच्या पोराला समजवायला संस्कृत लागतच नाही कारण तो रोजच सांगतो 'आमचं घर खाडीवर आहे' आणि लग्नाला 'अख्खी वाडी जेवून गेली' असंही सांगतो. फक्त यालाच लक्षणा म्हणतात हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

साधारण सात-आठ वर्षांपर्यंत पोरं शब्दशः अर्थ घेतात, हे कुठेही तसंच. कोकणात गंमत अशी की पुस्तकात जो नुसता वाक्प्रचार असतो त्यामागची खरी वस्तू पोराने आधीच पाहिलेली असते. 'उत्साहाला उधाण आलं' हे घाटावरच्या मुलाला पाठ करावं लागतं, इथल्याला अमावास्या-पौर्णिमेची भरती दारापर्यंत आलेली माहीत असते. 'गळ घालणे' मधला गळ म्हणजे मासे धरायचा आकडा असंच बहुतेक धरतात, पण इथे तो गरी आणि मासे धरणं म्हणजे गरवणं, त्यामुळे दोन्ही एकच हे शिक्षकाने जोडून द्यावं लागतं.

खरी पंचाईत 'गाऱ्हाणे घालणे' ची. प्रमाण मराठीत गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. सिंधुदुर्गात (१९८१ पर्यंत हा रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग) गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे नारळ ठेवून गावाच्या वतीने केलेली विनवणी, एकजण म्हणतो आणि मागचे 'होय महाराजा' करतात. एका वहीत मी पाहिलंय, 'आजोबांनी देवाक गाऱ्हाणा घातला' या वाक्यावर लाल फुली, का तर म्हणे अर्थ चुकला. पोराचा अर्थ चुकलेला नव्हता, चुकलं असेल तर बोलीचं प्रमाण झालं नव्हतं एवढंच. शब्दाचं मूळ बहुधा संस्कृत गर्हण, म्हणजे दोष देणं. मग त्याची प्रार्थना कशी झाली? आपलं दुखणं मोठ्यापुढे मांडणं हा मधला दुवा धरला तर दोन्ही अर्थ जुळतात, आणि मला तरी हेच पटतं, कारण गाऱ्हाण्यात इडापिडा टाळ, चुकलंमाकलं पदरात घे हेच असतं.

'कौल' चंही तसंच. देवळात देवाला प्रश्न विचारून मूर्तीला पाकळ्या किंवा तांदूळ लावतात, उजवीकडचा पडला तर देवाचा होकार असं बऱ्याच ठिकाणी मानतात. हा शब्द अरबी कौल म्हणजे वचन यातून आला असं सहसा मानतात, आणि राज्यकर्त्याने रयतेला लिहून दिलेला कौलनामा त्याच घरातला. छपराचं कौल मात्र वेगळं, ते बहुधा संस्कृत कपाल वरून. 'जनतेचा कौल' शिकवताना पोरं छपराकडे बघतात, तेव्हा त्यांना देवळाकडे वळवलं की काम होतं.

कोशांपैकी मोल्सवर्थ (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्व्यांचा वाक्संप्रदाय कोश (१९४२-४७) शिक्षकांना आजही उपयोगी पडतात, पण त्यात मालवणी रूपं शोधत बसू नये.

घरातलं शिकवणं जास्त करून कोड्यांतून होतं. कोड्याला गोव्यात हुमाण म्हणतात. नारळावरची कोडी जास्त, कारण शेंडी आणि तीन डोळे ही रूपकं त्याला आधीच चिकटलेली. सोललेला नारळ हातात देऊन 'याचो डोळो खंयचो फुटता सांग' विचारलं की पोरगं अंगठ्याने तिन्ही दाबून बघतं, एक मऊ लागतो, त्यातूनच कोंब येतो.