सुशिक्षितांची दाटी आणि मुंबईची उत्पादकता

शहरात शिकलेल्या कामगारांचे प्रमाण वाढले की त्यांच्या आसपास काम करणाऱ्या इतरांचेही उत्पादन व वेतन वाढते. अर्थशास्त्रात या परिणामाला मानवी भांडवलाची बाह्यता म्हणतात. साध्या भाषेत, पदवीचा फायदा पदवीधरापुरता राहत नाही. एकाच धंद्यातली माणसे दाटीने राहिली की धंद्याची गुपिते जणू हवेतच असतात, असे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये म्हटले होते.

मुंबईत ही हवा आधी झाडाखाली होती. १८५० च्या दशकात टाउन हॉलसमोरच्या वडाखाली दलाल जमत. कोणाची पत किती आणि कोणती कंपनी निघते आहे, याची कुणकुण तिथे तोंडोतोंडी फिरे. त्यातूनच १८७५ मध्ये शेअर बाजाराची संघटना उभी राहिली. आज सौदे संगणकावर होतात, तरी बँका, वकील आणि सनदी लेखापाल वांद्रे-कुर्ला संकुलात महागडी भाडी मोजून एकमेकांना खेटूनच बसतात. आर्टिकलशिपला, म्हणजे सनदी लेखापालाच्या हाताखालच्या उमेदवारीला, आलेली मुले पुस्तकातले लेखापरीक्षण इथेच, सिनियरच्या खुर्चीमागे उभी राहून शिकतात.

माटुंग्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. व्हीजेटीआय (स्थापना १८८७) या अभियांत्रिकी संस्थेच्या शेजारी मुंबई विद्यापीठाचा १९३३ मध्ये सुरू झालेला रासायनिक तंत्रज्ञान विभाग, जुन्यांच्या तोंडी आजही ‘यूडीसीटी’, पुढे येऊन वसला. कापड रसायनशास्त्र हा त्याच्या सुरुवातीच्या विषयांपैकी एक. गिरण्या हाकेच्या अंतरावर होत्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या खचल्या, पण ही विद्या औषधे, रंग आणि प्लास्टिकच्या कारखान्यांत कामी येत राहिली.

परिणाम मोजणे मात्र अवघड, कारण हुशार माणसे मुळात भरभराटीच्या शहरातच जातात; मग त्यांच्यामुळे शहर भरभराटले की उलट, हे सांगणे कठीण. अर्थतज्ज्ञ एन्रिको मोरेटी यांच्या २००४ च्या अभ्यासात, अमेरिकी शहरांतील पदवीधरांचे प्रमाण एक टक्का-बिंदूने (उदा. २५ वरून २६ टक्क्यांवर) वाढल्यास शालेय शिक्षण अर्धवट सोडलेल्यांचे वेतन सुमारे १.९ टक्के, तर पदवीधरांचे ०.४ टक्के वाढलेले दिसले. असेमोग्लू आणि अँग्रिस्ट या अर्थतज्ज्ञांना मात्र हा परिणाम फारच क्षीण आढळला होता.

मुंबईत या लाभाचा मोठा हिस्सा चढ्या भाड्यांतून घरमालक घेऊन जातो. संकुलाबाहेरच्या वडापाववाल्याला अंबरनाथपेक्षा गिऱ्हाईक जास्त आणि भावही बरा मिळतो, पण रात्री गाडी धुऊन तो कुर्ल्याला लोकल पकडतो ती अंबरनाथचीच.