मधात उतरलेली शहराची हवा

डोक्यावर पातेलं, त्यात पोळ्याचे तुकडे. असा मध विकणारी माणसं मुंबईच्या सोसायट्यांमध्ये अजूनही येतात. मग घरातलं कुणीतरी पेल्यातल्या पाण्यात थेंब सोडून बघतं, कुणी मधात बुडवलेली कापसाची वात पेटवतं. भेसळ पकडायला या दोन्ही परीक्षा अपुऱ्या आहेत, पण आपला प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या तोच राहिला: मध शुद्ध आहे ना? २०१० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने बाजारातल्या मधात प्रतिजैविकं दाखवली, २०२० मध्ये साखरेचा पाक. दोन्ही वेळा गदारोळ झाला तो बरणीतल्या मालावर. पोळं ज्या हवेत लटकलं होतं, त्या हवेबद्दल मधाला काही विचारावं, हे मात्र आधी परदेशात सुचलं.

पाळीव माशी साधारणपणे पोळ्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या टापूत हिंडते. तिच्या अंगावरच्या केसांवर विद्युतभार असतो, त्यामुळे परागाबरोबर धूळही चिकटते. मकरंद आणि पाण्यातूनही बरंच काही पोळ्यात येतं. अमेरिकेतल्या मोंटाना विद्यापीठाचे जेरी ब्रोमेनशेंक १९७० च्या दशकात कोलस्ट्रिपच्या कोळशावरच्या वीजकेंद्राभोवती माशा तपासू लागले. १९८५ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्यांचं अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या प्युजेट साउंड या खाडीच्या परिसराचं काम आलं. मधपाळांनीच स्वेच्छेने नमुने दिले होते, आणि त्यांतून आर्सेनिक, कॅडमियम व फ्लोराइड कुठे किती साचलंय याचे नकाशे तयार झाले. तपासल्या होत्या माशा. मकरंदाचा मध होईपर्यंत बरेच धातू माशीच्याच अंगात अडकतात, म्हणून मधात ते कमी उतरतात. इटलीतल्या बोलोन्यात कीटकशास्त्रज्ञ जॉर्जो चेल्ली यांनीही मेलेल्या माशा मोजून शेतातल्या कीटकनाशकांचा माग काढला.

मधाने स्वतः साक्ष दिली ती किरणोत्सारी सीझियमची. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांचं सीझियम-१३७ अमेरिकेच्या पूर्व भागातल्या १२२ पैकी ६८ नमुन्यांत सापडलं, आणि ते प्रसिद्ध झालं २०२१ मध्ये! जमिनीत पोटॅशियम कमी असलं की झाडं त्याच्या जागी सीझियम शोषतात. तिथून ते मकरंदात येतं.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते कॅनडातल्या व्हँकुव्हरचं काम. शिशाची चार स्थिर समस्थानिकं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची रूपं, असतात आणि त्यांचं आपसातलं प्रमाण खनिजाच्या खाणीनुसार बदलतं. ते शिसं भट्टीतून गेलं, इंजिनातून गेलं, माशीच्या पोटातून गेलं, तरी हे प्रमाण जवळपास तसंच राहतं. केट स्मिथ आणि डॉमिनिक वाइस यांच्या गटाने २०१९ मध्ये याच खुणेवरून शहराच्या मध्यवस्तीतला व बंदराजवळचा मध उपनगरातल्या मधापासून वेगळा ओळखला. तो मध खायला सुरक्षितच होता; धोक्याची पातळी गाठायला मोठ्या माणसाला रोज सहाशे ग्रॅमहून जास्त खावा लागला असता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पॅरिसचं नोत्र दाम हे जुनं चर्च जळालं. छताचं शिसं धुराबरोबर उडालं, आणि वाऱ्याच्या दिशेला असलेल्या पेट्यांमधल्या जुलैच्या मधात ते याच गटाला वाढलेलं दिसलं.

आपल्याकडे २०२० मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी हवेच्या प्रदूषणाचा आग्या माशीवर काय परिणाम होतो ते तपासलं. प्रदूषित जागी पकडलेल्या माशांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त माशा दिवसभरात मेल्या.

ही आग्या माशी मुंबईत पाण्याच्या टाकीखाली, उंच इमारतींच्या सज्जाला लटकते. पुन्हा पुन्हा त्याच जागेवर येण्याची तिला सवय आहे. म्हणजे एकाच ठिकाणचा नमुना वर्षानुवर्षं, तोही फुकट. चेंबूर-माहुलला १९५० च्या दशकात तेलशुद्धीकरण कारखाने आले, त्यांच्याभोवतीच तिवरांचं रान, आणि तिवराच्या फुलावर माशा भरभरून येतात. शिसेयुक्त पेट्रोल देशभरात बंद झालं ते फेब्रुवारी २००० मध्ये. मध नासत नाही. दादर-परळच्या एखाद्या घरात, औषधाला म्हणून, त्याआधीचा इथल्याच पोळ्याचा मध बाटलीत जपलेला असेल तर त्या वर्षांतल्या शिशाची खूण अजून त्यात असणार. ती वाचायला चमचाभर मध पुरतो.

सोसायट्यांमध्ये मात्र मोहोळ दिसलं की पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन जातो. फवारणी होते, पोळं खाली पडतं आणि सकाळच्या कचरागाडीत जातं.