लिनक्सला ड्रायव्हरची सीडी का लागत नाही?

‘लिनक्स चांगलं आहे हो, पण त्याला ड्रायव्हर मिळत नाहीत.’ लॅपटॉप घेताना हे वाक्य आजही कानावर पडतं. ड्रायव्हर म्हणजे एखादं उपकरण कसं चालवायचं हे सिस्टिमला सांगणारा प्रोग्राम. वीस वर्षांपूर्वी त्यात बरंच तथ्य होतं. आज लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, निम्म्याहून अधिक कोड ड्रायव्हरचाच आहे आणि तो कर्नलसोबतच येतो. मग कुठल्या चिपला कुठला ड्रायव्हर लावायचा, हे त्याला कळतं कसं? मला यातली हीच गोष्ट सर्वांत देखणी वाटते.

मशीन सुरू होताना कर्नल पीसीआय बसवरच्या, म्हणजे कार्डं आणि चिप जिथे जोडलेल्या असतात त्या मार्गावरच्या, एकेका जागेची हजेरी घेतो. प्रत्येक जागेचे पहिले चार बाइट वाचतो: दोन बाइट उत्पादकाचा क्रमांक, पुढचे दोन उपकरणाचा. जागा रिकामी असेल तर उत्तर द्यायला कोणी नसतं आणि सगळे बिट १ वाचले जातात. म्हणून तो आकडा कुठल्याच कंपनीला दिलेला नाही. हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या अंकपद्धतीत, इंटेलचा क्रमांक आहे ८०८६, म्हणजे १९७८ सालच्या त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा. त्यांचं एएक्स२०० हे वायफाय कार्ड हजेरीला उत्तर देतं: ८०८६, २७२३.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यानेही आपल्याला चालणाऱ्या क्रमांकांचा तक्ता कोडमध्येच दिलेला असतो. ‘डेपमॉड’ हे साधन असे सगळे तक्ते एका साध्या मजकूर-फाइलीत गोळा करतं. कार्ड सापडलं की कर्नल त्याच्या क्रमांकांची एक ओळ तयार करून ‘यूडेव्ह’ या उपकरणं सांभाळणाऱ्या प्रोग्रामकडे पाठवतो, ती फाइलीतल्या ओळींशी ताडली जाते आणि जुळलेला ड्रायव्हर मेमरीत चढतो. मग त्यातलं ‘प्रोब’ हे फंक्शन कार्ड तपासून ते स्वीकारतं किंवा नाकारतं. काही ड्रायव्हर तर कंपनी पाहतच नाहीत, उपकरणाचा वर्ग पाहतात. एनव्हीएमई एसएसडीचा, म्हणजे आजच्या वेगवान साठवण-ड्राइव्हचा, वर्ग ०१०८०२. त्यामुळे उद्या बाजारात येणारी, आज कुणाला ठाऊकही नसलेली एसएसडी सहसा आजच्याच ड्रायव्हरवर चालते!

तरीही वायफाय अडतं, तेव्हा अनेकदा ड्रायव्हर हजर असतो. नसतं ते फर्मवेअर, म्हणजे कार्डावरच्या छोट्या प्रोसेसरसाठीचा बंदिस्त कोड. डेबियन या लिनक्सच्या लोकप्रिय आवृत्तीने मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वापायी तो अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवला होता. २०२२च्या मतदानानंतर, २०२३च्या डेबियन १२ पासून तो आत आला. खरी अडवणूक होते ती कंपनी चिपची माहितीच देत नाही तेव्हा. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपसाठी स्वयंसेवकांच्या एका गटाने मूळ ड्रायव्हर उलगडून त्याचं वर्णन लिहिलं आणि दुसऱ्या गटाने फक्त त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. २०१० मध्ये कंपनीने स्वतःच्या काही चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला. या चिकाटीचं मोल फार मोठं आहे.

‘तुमचे ड्रायव्हर जुने झालेत, लगेच अपडेट करा’ असं घाबरवणाऱ्या जाहिरातींना मात्र भुलू नका. कर्नलची अंतर्गत रचना बदलणाराच कर्नलमधले संबंधित ड्रायव्हरही सुधारतो, आणि ते नेहमीच्या अपडेटमधून येतात. कर्नलबाहेरचे ड्रायव्हर मात्र अशा वेळी मोडू शकतात. म्हणून नवं मशीन घेण्याआधी लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून, लिनक्स चालवा आणि टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘एनएनके’ पर्यायासह (lspci -nnk) द्या. प्रत्येक उपकरणाचे दोन्ही क्रमांक आणि त्याखाली वापरात असलेला ड्रायव्हर दिसेल. वायफायखाली ती ओळ नसेल, तर पैसे देण्याआधी त्या क्रमांकांवरून शोध घ्या.