बिएव्र : जिवंत धार कुठली आणि मेली कुठली?

पॅरिसच्या रस्त्यांखाली गेलेल्या बिएव्र नदीचा आणखी एक तुकडा 'उघडला', अशी बातमी मधूनमधून येते. 2003मध्ये फ्रेनला, 2016मध्ये लाई-ले-रोझला, 2022मध्ये आर्कोय-जांतियीला, ही सगळी पॅरिसच्या हद्दीबाहेरची उपनगरे.

नदी तशी छोटी, जेमतेम 35 किलोमीटरची. व्हर्सायजवळ ग्वियांकूरला उगम. आधी पूर्वेला, मग उत्तरेला. आंतोनीपर्यंत आकाशाखाली वाहते, पुढे बहुतेक नळात. वरच्या खोऱ्यात झुई गावी 1760मध्ये कापड छापायचा कारखाना निघाला. तो छापत होता ती मुळात हिंदुस्थानी चिटांची नक्कल, आणि आदल्या वर्षापर्यंत फ्रान्समध्ये अशा कापडावर बंदी होती!

खरा गुंता शहराजवळ आहे. तिथे नदीच्या दोन धारा होत्या, 'जिवंत' आणि 'मेली'. नाव ऐकून कुणालाही वाटेल की जिवंत ती मूळ नदी. नेमके उलटे. जिवंत धार म्हणजे पाणचक्क्यांसाठी उताराच्या कडेने उंचावरून नेलेला पाट, माणसाने खोदलेला. दरीच्या तळाने जाणारे नैसर्गिक पात्र ते 'मेले'. चक्कीवाल्याच्या हिशेबात बरोबरच आहे ते, ज्या पाण्यावर दगड फिरत नाही ते मेलेच. पण ही नावे नकाशांवर चढली आणि वाचणारे अजून फसतात.

पुढे दोन्ही धारांच्या काठी रंगारी, कातडी कमावणारे, परटिणी. हिवाळ्यात सखल कुरणांवर पाणी गोठे, तो बर्फ साठवून विकत. ग्लासिएर, म्हणजे बर्फाचे कोठार, हे पॅरिसमधल्या मोहल्ल्याचे नाव त्यावरूनच. एकोणिसाव्या शतकात वास असह्य झाला आणि नदी टप्प्याटप्प्याने झाकली गेली. पॅरिसमधला शेवटचा उघडा भाग 1912मध्ये बुजला. कारण आरोग्याचे दिले गेले, आणि ते खोटे नव्हते. पण घाण करणाऱ्यांना आवरण्यापेक्षा नदीवर छप्पर घालणे सोपे होते, हेही खरे. पाणी गटारांकडे वळवले, सेन नदीला मिळणारे जुने मुख संपले.

म्हणून 'उघडला' हा शब्द जपून वाचावा. बाहेर काढलेले पाणी आज नव्याने घडवलेल्या काठांमधून वाहते. पॅरिसच्या हद्दीत तर तेही नाही; तिथे जुन्या प्रवाहाची खूण म्हणून फरसबंदीत धातूच्या चकत्या बसवल्या आहेत.