एंड टर्न दाबल्यावर: कॉम्प्युटरची अक्कल आणि त्याचा वेग, मागची गोष्ट

ऐतिहासिक स्ट्रॅटेजी गेम्सची तुलना निघाली की दोन तक्रारी हमखास येतात, एक म्हणजे कॉम्प्युटर मठ्ठ खेळतो आणि दुसरी म्हणजे एंड टर्न (आपली पाळी संपली हे सांगणारं बटण) दाबलं की ताटकळत बसावं लागतं. लोक या दोन्ही वेगवेगळ्या धरतात पण मुळात ती एकच गोष्ट आहे. कॉम्प्युटरला विचार करायला वेळ दिला तर टर्न लांबते, नाही दिला तर तो काहीही खेळतो, आणि हे गेम बनवणारे गेली तीस-पस्तीस वर्षं याच पेचातून वाट काढतायत.

बुद्धिबळाशी ताडून बघा. १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू कॉम्प्युटरने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं तेव्हा ते मशीन सेकंदाला साधारण २० कोटी पोझिशन्स तपासत होतं आणि ४० चालींना २ तास म्हणजे एका चालीला सरासरी ३ मिनिटं मिळत होती, तीही एकच मोहरं हलवायला. सिव्हिलायझेशन (थोडक्यात सिव्ह) या राज्य वाढवायच्या गेममधल्या एका राज्याला मात्र एका टर्नमध्ये पंचवीस-तीस तुकड्या हलवायच्या, प्रत्येक शहरात काय बांधायचं ते ठरवायचं, शेजाऱ्याशी तह करायचा की त्याला मोडायचं ते बघायचं, आणि अशी सात-आठ राज्यं एकामागून एक, घरच्या पीसीवर, काही सेकंदांत.

१९९१ चं पहिलं सिव्हिलायझेशन सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी मायक्रोप्रोजमध्ये केलं ते डॉसच्या मशीनवर, तिथे खोल विचार वगैरे परवडणारच नव्हतं. म्हणून मग कॉम्प्युटरला सवलत. चीफटन या सोप्या लेव्हलवरून एम्परर या अवघड लेव्हलला गेलात तरी समोरचा जास्त शहाणा होत नाही, त्याला तेच काम स्वस्तात होतं. लोक याला चीटिंग म्हणतात, आणि आहेच ते, पण सवलतीला प्रोसेसरचा वेळ शून्य लागतो हे लक्षात घेतलं की ती इतकी वर्षं का टिकली ते कळतं. २००३ मध्ये सिव्ह ३ च्या काँक्वेस्ट्स या पुरवणीत ‘सिड’ नावाची लेव्हल आली, तिथे आपल्याला १०० लागतात त्या कामाला कॉम्प्युटरला ४० पुरतात.

सोरेन जॉन्सनचं नाव इथे घ्यायलाच हवं. सिव्ह ३ चा एआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या बाजूने खेळणारा प्रोग्राम, त्याने लिहिला आणि २००५ च्या सिव्ह ४ चा तर तो लीड डिझायनरच होता. सिव्ह ४ मध्ये एका चौकोनात हव्या तेवढ्या तुकड्या ठेवता यायच्या, त्यामुळे कॉम्प्युटर मोठा स्टॅक (एकाच चौकोनात तुकड्यांचा ढीग) जमवून थेट तुमच्या वेशीवर यायचा आणि खरंच घाम फोडायचा. २०१० ला सिव्ह ५ आलं, चौकोन गेले, षटकोन आले आणि एका घरात एकच लढाऊ तुकडी असा नियम झाला. माणसाला या लढाया आवडल्या, मलाही आवडतात, पण कॉम्प्युटरचा त्यात पार विचका झाला, कारण आता प्रत्येक तुकडी दुसऱ्या तुकडीची वाट अडवते, म्हणजे रस्ता शोधायचं गणित वाढलं आणि तेवढं गणित करूनही त्याचे धनुर्धारी पुढे आणि भालेवाले मागे. हुशारी कमी झाली आणि टर्नही लांबली, एका नियमाने दोन्हीकडून मार. सिव्ह ६ मध्ये डीइटी या सगळ्यात अवघड लेव्हलला समोरचा ३ सेटलर (नवं शहर वसवणाऱ्या तुकड्या) घेऊन सुरू करतो, आपल्याकडे १, शिवाय त्याच्या तुकड्यांना लढाईत +४, ही सगळी त्याच तोट्याची भरपाई आहे. सिव्ह ५ चा आतला कोड मॉडर लोकांना (हौसेने गेममध्ये बदल करणाऱ्यांना) मिळाला तेव्हा व्हॉक्स पॉप्युली ही सुधारित आवृत्ती बनली, त्यातला कॉम्प्युटर खूपच बरा लढतो, पण मोठ्या मॅपवर शेवटी शेवटी टर्नला वेळही तसाच घेतो.

टोटल वॉर या दुसऱ्या गेममालिकेची कथा याच अंगाने गेली. २००० च्या शोगनमध्ये नकाशा म्हणजे नुसते प्रांत, सैन्य इकडून तिकडे ढकललं की झालं. २००४ च्या रोममध्ये सैन्य नकाशावर मोकळं फिरायला लागलं आणि कॉम्प्युटर दोन-दोन तुकड्यांचे ठिपके पसरवत बसला. २००९ च्या एम्पायरमध्ये तर मराठे खेळता येतात, त्यामुळे आपल्या बहुतेकांनी तो त्यासाठीच लावला असणार. दख्खन जिंकायची, मुघलांना मागे रेटायचं आणि मग किनाऱ्यावर तोफा लावून इंग्रजांची वाट बघायची, तर इंग्रज येतच नाहीत! रिलीजच्या वेळी कॉम्प्युटरला समुद्रावरून फौज उतरवणं जमतच नव्हतं, ते नंतर पॅचमध्ये, म्हणजे मागाहून दिलेल्या दुरुस्तीत आलं. २०१३ च्या रोम २ मध्ये ११७ फॅक्शन्स (राज्यं आणि टोळ्या) घातल्या, सगळ्यांच्या चाली ओळीने, मग काय, एंड टर्न दाबून चहा टाकून या. तेही पॅचेसनी कमी करावं लागलं.

आता एज ऑफ एम्पायर्सवाले म्हणतील आमच्यात टर्नच नाही, सगळे एकाच वेळी खेळतात. आहे की. १९९७ च्या गेममध्ये नेटवर्कवर खेळताना आतून साधारण २०० मिलिसेकंदांच्या छोट्या टर्न चालायच्या, तुम्ही आत्ता दिलेली ऑर्डर दोन टर्न पुढे अमलात यायची आणि सगळ्यांचा वेग सगळ्यात संथ मशीनला जुळवून घ्यायचा. दादरच्या सायबर कॅफेत कोपऱ्यातला एक पीसी जुना असला की अख्ख्या रांगेचे गेममधले गावकरी पाय ओढत चालायचे, पोरं बोंबलायची, आणि कारण हे होतं. पुढच्या भागात, एज २ मध्ये, वरच्या लेव्हलला कॉम्प्युटरला फुकट माल मिळायचा. २०१९ च्या त्याच्याच नव्या रूपाचा, डेफिनिटिव्ह एडिशनचा एआय मात्र एक्स्ट्रीम या सगळ्यात अवघड लेव्हललाही चीट न करता खेळतो आणि जुन्या एआयला धुतो. माझ्या मते या सगळ्या प्रकारात ही सगळ्यात मोठी मजल आहे.

तुलना करायचीच तर सुरुवातीच्या टर्नचा वेग सांगून काही उपयोग नाही, दहाव्या टर्नला सगळेच गेम पळतात. मॅप केवढा, राज्यं किती, लेव्हल कुठली आणि कितवी टर्न एवढं तरी सोबत सांगायला हवं. सिव्ह ६ मध्ये यासाठी एआय बेंचमार्क नावाची वेग मोजायची चाचणी आतच दिलीय, ती एका टर्नचा सरासरी वेळ काढून देते. आणि लॅमिंग्टन रोडला नवीन मशीन जुळवायला गेलात की दुकानदार पहिलं ग्राफिक्स कार्ड दाखवेल, त्याला सांगा की सिव्हसाठी आधी प्रोसेसरचं बोला, कारण राज्यं एकामागून एक खेळतात, एकाचं झाल्याशिवाय दुसऱ्याला नकाशा कसा दिसणार, त्यामुळे नुसते कोअर (प्रोसेसरमधले एकाच वेळी काम करणारे भाग) वाढवून भागत नाही, एकेक कोअर वेगवान लागतो.