जवानाची आठवण कोण ठेवतं, आणि घरचे म्हणजे नेमकं कोण: थोडी पार्श्वभूमी

सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, तिकडे खानदेशात, कुठेही जा, वेशीवर कमान दिसते, तिच्यावर जवानाचं नाव, शाळेच्या आवारात अर्धपुतळा, आणि दरवर्षी पुण्यतिथीला कीर्तन, रक्तदान शिबिर, पोरांना वह्यावाटप. हे बघून वाटतं की असं पिढ्यानपिढ्या चालत आलंय. पण तसं नाही. आठवण ठेवायची रीत जुनी आहे, पण आज जे रूप आपण बघतो ते मुख्यतः १९९९ नंतरचं आहे, आणि त्याच्या मुळाशी एकच निर्णय आहे, तो म्हणजे जवानाचा देह गावी पाठवायचा. त्याआधी घरच्यांच्या हातात बहुतेकदा देह नसायचाच, मग ते काय करायचे, हे आधी थोडक्यात बघू.

वीरगळ सगळ्यांना माहितीये. खाली लढाई, मधे अप्सरा त्याला वर नेतायत, वरती तो शिवलिंगासमोर बसलाय, बाजूला चंद्रसूर्य. बोरिवलीच्या एकसरला तर जहाजांची लढाई कोरलेले वीरगळ आहेत, शिलाहार-यादवांच्या झुंजीचे मानले जातात. बहुतेक वीरगळांवर नाव नाही, त्यामुळे कुठल्या घराण्याचा कोण हे आज सांगता येत नाही, तरी गावोगाव त्यांना शेंदूर लागतो, नारळ फुटतो. माणूस विसरला गेला तरी मान राहिला, एवढं त्यातून कळतं.

मग एकदम पहिलं महायुद्ध. साताऱ्याजवळचं अपशिंगे, ज्याला सगळे मिलिटरी अपशिंगे म्हणतात, तिथले ४६ जण त्या युद्धात गेले आणि सरकारने गावात त्यांचा स्मृतिस्तंभ उभा केला. अशा संगमरवरी पाट्या आपल्याकडे बऱ्याच गावांत आहेत, या गावातून इतके गेले, त्यातले इतके परत आले नाहीत, बस, आकडा लिहायचा, नावं नाहीत. घरच्यांना साम्राज्याकडून काशाची एक गोल चकती मिळायची, त्यावर मेलेल्याचं नाव, हुद्दा नाही. म्हणजे घरात नाव आणि गावात आकडा. मराठा पलटणी तेव्हा मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमधे होत्या, तिथल्या कुत शहराच्या वेढ्यात (डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६) अडकलेल्यांत मराठे भरपूर होते. त्या आघाडीचं स्मारक १९२९ मधे बसऱ्याला झालं, आणि तिथेही हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांचा मात्र पलटणीखाली आकडा टाकला. ही गोष्ट मला आजही टोचते. फ्रान्समधे नव्ह शापेलला १९२७ च्या स्मारकावर ४,७०० च्या वर हिंदी जवानांची नावं आहेत, म्हणजे नावं कोरणं अशक्य नव्हतं, इच्छा असती तर बसऱ्यालाही झालं असतं. ज्यांनी ती स्मारकं बांधली त्याच संस्थेने, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने, २०२१ मधे अहवाल काढून हा भेदभाव मान्य केला, पण तोवर नातवंडंसुद्धा म्हातारी झाली होती.

दुसऱ्या महायुद्धातही तेच, देह तिकडेच. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. माणगावला पुतळा झाला. तिकडे इटलीत मोंतोने गावात त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ मात्र २०२३ मधे बसलं, ७९ वर्षांनी.

स्वातंत्र्यानंतरच्या लढायांत, १९६२, १९६५, १९७१, घरी यायची ती तार. बहुतेकांवर तिकडेच, रणभूमीजवळ, पलटणीने अंत्यसंस्कार केलेले असायचे. मग पुढे कधीतरी त्याची ट्रंक यायची, तिच्यात गणवेश, घड्याळ, घरून गेलेली पत्रं. देह नाही म्हणून दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, ही रीत आपल्याकडे आहेच. नौदलाची युद्धनौका खुकरी ९ डिसेंबर १९७१ ला बुडाली तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, जहाजच समुद्राच्या तळाशी, त्यांच्या घरच्यांना तर अस्थीसुद्धा नाहीत, आज दीवला स्मारक आहे तिथे समुद्राकडे तोंड करून हात जोडायचे एवढंच. श्रीलंकेत १९८७ ते १९९० मधे आपल्या शांतिसेनेचे हजाराच्या वर जवान गेले, तेव्हाही बहुतेक घरांचा अनुभव असाच. या सगळ्या पिढीच्या बायकांनी आणि आयांनी शोक घरातच केला. गावात कमान नाही, टीव्ही नाही, भिंतीवर हार घातलेला फोटो आणि दर महिन्याला पेन्शन. पेन्शनही सुखासुखी येत नव्हती.

मग कारगिल. मे ते जुलै १९९९, ५२७ जवान गेले, आणि यावेळी ठरलं की प्रत्येकाला घरी पोचवायचं. विमानाने, मग लष्करी ट्रकने, तिरंग्यात गुंडाळून. याच वेळी खासगी बातम्यांचे चॅनेल घरोघरी पोचत होते, त्यामुळे एका खेड्यातला अंत्यविधी अख्ख्या देशाने बघितला. शवपेट्यांच्या खरेदीवरून पुढे मोठा वाद झाला, २००१ च्या लेखापरीक्षण अहवालात ताशेरे आले, केस वर्षानुवर्षं चालली, शेवटी आरोपी सुटले. त्या गदारोळात मूळ बदल बाजूलाच पडला. तो असा, की आठवण ठेवणं आता एकट्या घराचं काम उरलं नाही, त्यात गाव आलं, तालुका आला, पुढारी आले. शाळेची पोरं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी, अमर रहेच्या घोषणा, कलेक्टर, पालकमंत्री, तीन फैरी, आणि मग शवपेटीवरचा तिरंगा घडी घालून एका माणसाच्या हातात देतात.

हा तिरंगा कुणाच्या हातात द्यायचा, इथून पुढचा सगळा गुंता सुरू होतो, आणि आज ज्या बातम्या येतात त्या याच्याच आहेत, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

भरती होताना पोरगा बहुतेक वेळा बिनलग्नाचा असतो, कागदावर नेक्स्ट ऑफ किन, म्हणजे सगळ्यात जवळचा नातलग, म्हणून आई किंवा वडील. लग्न झालं की पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लष्करी नोंदीत बदल करणारा आदेश, निघते आणि तिथे बायकोचं नाव चढतं. आईवडिलांना हे बऱ्याचदा माहीतही नसतं, त्यात लपवाछपवी काही नाही, नियमच तसा आहे. आता तो गेला की पैसा एका ठिकाणाहून येत नाही, हे लोकांना कळत नाही आणि तिथेच गैरसमज होतात. विम्याचा पैसा नॉमिनेशनप्रमाणे जातो, त्यात जवान स्वतः आई, वडील, बायको अशी टक्केवारी लिहू शकतो. फॅमिली पेन्शन आणि केंद्राचं सानुग्रह अनुदान (२०१६ पासून प्रसंगानुसार २५ ते ४५ लाख) मात्र नियमाने जातं, आणि लग्न झालेलं असेल तर आधी बायकोकडे. राज्य सरकार वेगळं देतं, महाराष्ट्राने २०१९ मधे ती रक्कम एक कोटी केली, त्याचे नियम पुन्हा वेगळे. आणि मेडल. मरणोत्तर शौर्यपदक राष्ट्रपती भवनात साधारणपणे पत्नीच्या हातात दिलं जातं, कधी सोबत आई असते.

हे असं का ठरलं त्यालाही कारण आहे, आणि ते विसरून लोक एकदम "सूनबाई सगळं घेऊन गेल्या" यावर येतात याचं वाईट वाटतं. उत्तरेत, मुख्यतः हरियाणा-पंजाबकडे, विधवेचं लग्न दिराशी लावायची करेवाची रीत जुनी. जमीन आणि पेन्शन घरातच राहावी हा त्यामागचा सरळ हिशोब. आणि सरकारी नियमांनी त्याला चक्क हातभार लावला, शौर्यपदकासोबत दरमहा जो भत्ता मिळतो तो विधवेने पुन्हा लग्न केलं की बंद, पण दिवंगत नवऱ्याच्या भावाशीच केलं तर चालू. संरक्षण मंत्रालयाच्या १९९५ च्या पत्रातही ही अट होती. नोव्हेंबर २०१७ मधे ती काढली, आता कुणाशीही लग्न केलं तरी भत्ता चालू राहतो. आपल्याकडे दिराशी लग्न ही रीत फारशी नाही, म्हणजे तोवर आपल्या बाजूच्या पोरींनी दुसरं लग्न केलं तर त्यांचं सरळ नुकसानच व्हायचं, आणि इतकी वर्षं त्यावर कुणी फार बोललं नाही. बायकोच्या नावावर पेन्शन ठेवायचा नियम या सगळ्या दबावातून तिला वाचवण्यासाठी आहे, तो ढिला करताना दहा वेळा विचार करायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

पण दुसरी बाजूही खोटी नाही. जुलै २०२३ मधे सियाचीनला आगीत सहकाऱ्यांना वाचवताना एक तरुण कॅप्टन गेले, जुलै २०२४ मधे त्यांचं कीर्ती चक्र पत्नी आणि आई दोघींनी मिळून स्वीकारलं, आणि त्यानंतर काही दिवसांतच आईवडिलांनी जाहीरपणे सांगितलं की सून मेडल घेऊन माहेरी गेली, आमच्याकडे पोराचा भिंतीवरचा फोटो तेवढा उरला, नेक्स्ट ऑफ किनची व्याख्या बदला. त्यावर सोशल मीडियात त्या मुलीला जे काय बोललं गेलं ते लाज वाटावी असं होतं. त्याच महिन्यात शेजारच्या मध्य प्रदेशाने जाहीर केलं की राज्याची मदत पत्नी आणि आईवडील यांना निम्मी निम्मी. ऑगस्ट २०२४ मधे लोकसभेत केंद्राचं उत्तर आलं की अशी विभागणी करायचा प्रस्ताव विचाराधीन आहे.

माझ्या मते दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात आणि चर्चेत त्या सतत एकत्र येतात. पैसा ही जगण्याची सोय आहे, त्यात लहान पोरं असलेल्या विधवेचा हक्क पहिला, आणि ज्या आईवडिलांना दुसरा आधार नाही त्यांची स्वतंत्र तरतूद सरकारने करावी, तिच्या ताटातलं काढून नको. मेडल, तिरंगा, गणवेश ही मात्र आठवण आहे, आणि आठवणीचा वारस एकटा कसा असेल? आईला पोराचं मेडल हातात घेऊन बघावंसं वाटणं यात चूक काय. दोन घरांत वाटता येईल अशी सोय, निदान एक अधिकृत प्रतिकृती, करणं सरकारला जड नाही. हे झालं तर निम्मी भांडणं कोर्टापर्यंत आणि कॅमेऱ्यापर्यंत जाणारच नाहीत.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. अंत्यविधीच्या वेळी बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं हे हजारो लोकांसमोर, कॅमेऱ्यासमोर व्हायचं, आणि दोन महिन्यांनी त्याच बाईला वीरपत्नी म्हणून स्टेजवर बोलवून साडीचोळी द्यायची, पण हळदीकुंकवाला बोलवायचं नाही. मे २०२२ मधे शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि राज्याने लगेच बाकीच्या गावांनाही तसं करायचं आवाहन केलं. तो ठराव जवानांच्या बायकांपुरता नव्हता, पण त्यांना त्याचा आधार झाला. त्याच्याही आधी, साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल नोव्हेंबर २०१५ मधे कुपवाड्यात गेल्यावर त्यांच्या पत्नीने स्वतःच परीक्षा दिली, ट्रेनिंग पूर्ण केलं आणि सप्टेंबर २०१७ मधे लष्करात अधिकारी झाल्या. मीरारोडच्या एका मेजरच्या पत्नीनेही नंतर तीच वाट धरली. नवऱ्याची आठवण ठेवायची ही रीत कुठल्याच जुन्या प्रथेत बसत नाही.

स्मारकांचं म्हणाल तर पुण्यात लोकवर्गणीतून १९९८ मधे युद्धस्मारक उभं राहिलं, कारगिलच्या एक वर्ष आधी. दिल्लीचं राष्ट्रीय युद्धस्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं, ग्रॅनाइटच्या विटांवर १९४७ नंतरच्या सुमारे २६ हजार जवानांची नावं, तिथे रोज संध्याकाळी त्यातल्या एकाच्या घरच्यांच्या हातून पुष्पचक्र वाहिलं जातं. ६२ आणि ७१ वाल्या बऱ्याच घरांना, ज्यांना देह मिळाला नव्हता, पहिल्यांदाच बोट ठेवायला नाव मिळालं. पण लष्करी कागदावर बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईत किंवा कारवाईत गेलेला, अशी नोंद असेल तरच तिथे नाव येतं. ड्युटीवर आजाराने किंवा अपघाताने गेलेल्याची नोंद वेगळी, पेन्शनही कमी, गावात कमान असते पण दिल्लीच्या भिंतीवर नाव नसतं, आणि मग ते घर वर्षानुवर्षं अर्ज करत राहतं.

अलीकडे आणखी एक चांगली गोष्ट सुरू झालीये. पहिल्या महायुद्धाच्या शंभरीनंतर बऱ्याच घरांतली चौथी-पाचवी पिढी पणजोबा शोधतेय. बसऱ्याचं स्मारक १९९७ मधे मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्याला नेलंय, तिथे जाणं सोपं नाही, पण नोंदी आता त्याच कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनकडे ऑनलाइन आहेत. इंग्रजांनी नावांचं स्पेलिंग कानाला येईल तसं केलंय, जाधवचे चार प्रकार सापडतात, म्हणून नुसत्या आडनावाने शोधू नका. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहिलेला असतो, आणि पलटणीचा जुना नंबर, म्हणजे १०३, ११०, ११४, ११७ असा, माहीत असेल तर काम पटकन होतं. घरात ती काशाची चकती असेल तर तिच्यावर नाव जसं कोरलंय तसंच टाकून बघा.